विमानतळाभोवतीची जमीन: नकाशात रंग भरण्याआधी बोलू या



वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झालं. त्या बंदराजवळ विमानतळ करण्याचा विचारही राज्य सरकारने जाहीर केला आहे. अशा वेळी गावात पहिला प्रश्न निघतो, "आपली जमीन जाणार का?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा: "जमीन गेली नाही, तरी तिच्यावर काय करता येईल हे कोण ठरवणार?" आजचा पाठ या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

झोन म्हणजे काय?

सरकार एखाद्या भागाचा विकास आराखडा करतं, तेव्हा नकाशावर रंग भरले जातात. कुठे रहिवास, कुठे शेती, कुठे उद्योग, कुठे रस्त्याचं आरक्षण. सातबारा तुमच्याच नावावर राहतो. पण त्या गटात घर, दुकान किंवा कोंबड्यांची शेड बांधता येईल की नाही, हे झोन ठरवतो.

आपल्याकडे हे नवीन नाही. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झालं. अशा केंद्राभोवती पाच किलोमीटरच्या पट्ट्यात लोकवस्ती फार वाढू नये, असं बंधन असतं. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि तिथे उद्योगांवर मर्यादा आल्या. डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये अटी घालून परवानगी दिली. म्हणजे नियम कागदावर असला तरी लक्ष ठेवावंच लागतं.

नवी मुंबईकडून काय शिकायचं?

नवी मुंबई विमानतळासाठी साधारण १,१६० हेक्टर जागा लागली आणि दहा गावं उठली. पण जानेवारी २०१३ मध्ये विमानतळाच्या आसपासची तब्बल २७० गावं 'नैना' या क्षेत्रात घेतली गेली आणि तिथली नियोजनाची सत्ता सिडकोकडे गेली. घराची परवानगी ग्रामपंचायतीऐवजी सिडकोकडून घ्यायची वेळ आली. पुढे नगररचना योजना आल्या. त्यात जमीन एकत्र करून शेतकऱ्याला ४० टक्के विकसित भूखंड परत मिळणार, असं ठरलं. शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध आंदोलनं केली.

उठलेली गावं दहा, नियम लागू झाले २७० गावांना. हा आकडा लक्षात ठेवा. "आपलं गाव यादीत नाही" म्हणून गप्प बसू नका.

विमानतळामुळे कोणते नियम येतात?

*उंचीचा नियम.* २०१५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विमानतळाच्या आसपास, मोठ्या विमानतळाला साधारण वीस किलोमीटरपर्यंत, बांधकामाच्या उंचीवर मर्यादा असते. त्यासाठी रंगीत नकाशे करतात. काही रंगांत स्थानिक परवानगी पुरते, काहींत विमानतळ प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र लागतं. बैठ्या घराला सहसा अडचण येत नाही. पण टॉवर, चिमणी, उंच झाडं यांचा प्रश्न येऊ शकतो. आपल्याकडे ताड आणि माड किती, हे सांगायला नको.

*पक्ष्यांचा नियम.* पक्षी विमानावर आदळू नये म्हणून विमान नियमांनुसार विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत पक्षी ओढवून घेणारा कचरा टाकायला बंदी आहे. त्यात मटण आणि मासळीच्या दुकानांतली घाणही येते. नियम कचऱ्याबद्दल आहे, सुकवलेल्या मासळीबद्दल नाही. पण किनाऱ्यावरच्या आपल्या बायका बोंबील, जवळा, मांदेली उघड्यावर सुकवतात, आणि तिथेही पक्षी येतातच. म्हणून मासळी सुकवायची जागा आराखड्यात ठरवून दाखवा, असं आत्ताच मागायला हवं. घनकचऱ्याची जागा कुठे, हेही विचारायला हवं.

आपल्या हातात काय आहे?

आराखडा ग्रामपंचायत मंजूर करत नाही, तो राज्य सरकार मंजूर करतं. मग ग्रामपंचायतीने काय करायचं? तिच्याकडे तीन मार्ग आहेत.

१. *महिला सभा.* नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची, असं कायदा सांगतो. ती कागदावर उरकू देऊ नका. तिथे झालेला ठराव ग्रामसभेत वाचून घ्या.

२. *पेसा.* डहाणू तालुका संपूर्ण आणि पालघर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे जमीन संपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा, असं १९९६ चा पेसा कायदा म्हणतो. पण झोन बदलणं म्हणजे संपादन नव्हे. म्हणून झोनसाठी नुसत्या पेसावर विसंबू नका, हरकत वेगळी घ्या.

३. *हरकत.* प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती मागवतात. मुदत नोटिशीत लिहिलेली असते, तीच धरायची. मुदत संपल्यावर आलेला अर्ज कितीही खरा असला तरी बाजूला पडतो.

हरकत कशी लिहायची?

"आमचा विरोध आहे" एवढंच लिहून भागत नाही. पाच गोष्टी लिहा:

- तुमचं नाव, गाव आणि गट नंबर
- नकाशात तिथे कोणता झोन दाखवला आहे
- आज तिथे खरंच काय आहे: भात, वाडी, विहीर, ओटा, स्मशान, देवस्थान
- झोनमुळे काय नुकसान होईल
- तुम्हाला नेमकं काय हवं: "हा गट शेतीतच ठेवावा", "गावठाण वाढवावं", "मासळी सुकवण्याची जागा राखावी"

जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असली, तरी तुम्ही तिथे राबता हे लिहून स्वतःच्या नावाने हरकत द्या. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर पोच घ्या. सुनावणीला एकटी जाऊ नका, गट म्हणून जा. माहिती मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवं.

पुढच्या बैठकीत हे करा

१. गावाचा नकाशा ग्रामपंचायतीतून मागा. प्रत्येकीने आपला गट नंबर त्यावर शोधायचा.
२. सामाईक जागांची यादी करा: पाणवठा, गुरचरण, मासळीचा ओटा, स्मशान. सातबारा नसलेल्या बायकांचं पोट याच जागांवर असतं आणि नकाशात त्या सगळ्यात आधी विसरल्या जातात.
३. ग्रामपंचायतीच्या फलकावरच्या नोटिसा दर आठवड्याला कोण वाचणार, ती मैत्रीण ठरवा. तिने फोटो काढून गटात टाकायचा.

ही यादी ग्रामसंघाच्या दप्तरात ठेवा. नोटीस निघेल तेव्हा हातात दिवस थोडे असतील, पण आपला कागद तयार असेल.