नवे स्पीकर, पण खर्ज कुठे गेला?

ऑर्डरी आणि वसुलीसाठी आपल्यापैकी बरेच व्यापारी मोटारीने सोलापूर-हैदराबाद करतात. सुमारे ३०० किलोमीटरच्या वाटेत गाण्याची सोबत हवी, म्हणून मागे नवे स्पीकर बसवतात. आवाज मोठा होतो, पण खर्ज गायब! मग दुकानदार ॲम्प्लिफायर सुचवतो. जरा थांबा. एक धागा तुटला म्हणून कोणी माग बदलत नाही.

प्रथम फेडरने आवाज पूर्ण मागे न्या. बॅलन्सने आधी एकच स्पीकर ऐका, मग दोन्ही. दोन्हींपेक्षा एकट्याचा खर्ज भरीव वाटला, तर एकाच्या वायरी उलट जोडल्या आहेत. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघे एकमेकांचा खर्ज खातात. टेपकडच्या वायरी सोडवून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा. अधिकला अधिक जोडल्यावर दोन्ही पडदे बाहेर सरकले पाहिजेत.

दुसरे, स्पीकरच्या कडेची फट. पडद्यामागची हवा तेथून पुढे येऊन खर्ज मारते. फोमची पट्टी लावून स्क्रू आवळा.

तिसरे, टेपच्या सेटिंगमधील 'हाय पास' फिल्टर. तो चालू असेल, तर खालचे स्वर स्पीकरपर्यंत पोहोचतच नाहीत.

हे सर्व पाहूनही उणीव राहिली, तरच खिशात हात घाला. मात्र ४ इंची स्पीकरकडून ढोलाची अपेक्षा ठेवू नका. माल पारखून घेणाऱ्याने दोषही पारखूनच पैसा खर्चावा.