नळी तुटली तर

मु. पो. कमठाणा, जि. बिदर

चिरंजीव बाबू यास काकाचे अनेक आशीर्वाद.

तारकर्लीच्या स्कूबा प्रशिक्षण संस्थेत तुझा प्रवेश मुक्रर झाल्याचे वाचून परम संतोष झाला. आणि पाठीवरील टाकीची नळी पाण्याखाली तुटली तर हवा किती वेळ पुरेल, असे जे तू विचारले आहेस, त्याचे उत्तर सविस्तर देणे मी अगत्याचे समजतो, कारण नौदलात पाणबुड्याचे काम करीत असता आमची सारी शिस्त त्याच हिशेबावर उभी होती.

अकरा लिटरांच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा कोंडलेली असते. १० मीटर खोलीवर, जेथे दाब दुप्पट होतो, मिनिटाला ४० लिटर लागली तरी हा साठा पाऊण तासाहून अधिक पुरतो. दाब दाखविणाऱ्या गेजकडे जाणाऱ्या नळीत टाकीचा पूर्ण दाब असल्यामुळे नवशिक्यास भय तिचेच वाटते; परंतु तिच्या उगमाशी सुईच्या अग्राएवढेच छिद्र ठेवण्याची तजवीज केलेली असते, म्हणून ती तुटून बुडबुड्यांचा लोट उसळला तरी भरलेली टाकी रिती होण्यास वीसेक मिनिटे लागतात. उलट तोंडाकडे येणारी, नऊ-दहा बार दाबाची, सौम्य भासणारी नळी छातीस मुबलक हवा पुरविण्यासाठी आतून मोकळी असते, आणि ती पार तुटली तर तीच टाकी सुमारे दीड मिनिटात संपते. मोटेच्या चामड्यास भोक पडले तर पाणी गळत का होईना थारोळ्यापर्यंत येते, पण सोंडेची दोरी तुटली की सारी मोट विहिरीतच रिती होते, तसेच हे.

मिनिटाला ९ मीटर या मर्यादेत वर यायचे, तर १० मीटरांवरून तू कसाबसा वेळेत पोहोचशील; पुढे ३० मीटरांवर जाशील तेव्हा मात्र तीन मिनिटांहून अधिक लागतील, आणि हवा त्याच्या निम्म्या वेळातच संपलेली असेल. म्हणून कोणती नळी तुटली याची चौकशी पाण्याखाली करीत बसू नकोस. थेट सोबत्याकडे जा, त्याची राखीव तोंडनळी घे, आणि वर येताना श्वास क्षणभरही रोखू नकोस, कारण १० मीटरांवरची छातीभर हवा पृष्ठभागी येईतो दुप्पट होते आणि कोंडली तर फुफ्फुस फाडते. मासे पाहण्याच्या नादात सोबत्यापासून दूर जाणे, हे मी या विद्येतील सर्वांत मोठी कसूर मानतो.

नळ्यांची खातरजमा स्वतः करीत जा. त्यात हयगय नको. धातूच्या जोडावरचे रबरी टोपण मागे सरकवून तेथेच नळी अंगठ्याने किंचित वाकवून पाहा, कारण चिरा बहुधा त्या टोपणाखालीच दडलेल्या असतात. विणलेल्या वेष्टनाच्या काही नळ्यांत तर उष्ण प्रदेशात आतले अस्तरच बिघडते आणि बाहेरून काहीएक दिसत नाही. तेव्हा अशी नळी किती जुनी आहे, हे विचारण्यास भीड धरू नकोस.

तुझ्या सोबत्याची राखीव तोंडनळी उजव्या अंगास असते की डाव्या, हे न आठवता सांगता येते का, ते उलट टपाली कळव.

तुझा,
काका