छताचा दिवा बदलताना

जुनी ट्यूबलाइट काढून तिच्या जागी एलईडी दिवा बसवण्याचे काम आज अनेक घरांत होते. दिवा नवा, बटण व्यवस्थित, तरीही प्रकाश पडत नाही. अशा वेळी दोष दिव्याला दिला जातो. खरे कारण मात्र पुष्कळदा तारांच्या जोडणीत असते.

घरातील वीज साधारणपणे २३० व्होल्ट दाबाची असते. ती फेजच्या तारेने येते आणि न्यूट्रलच्या तारेने परत जाते. फेजची तार लाल, न्यूट्रलची काळी व अर्थिंगची हिरवी, असा संकेत रूढ आहे. जुन्या घरांत मात्र हाती लागेल त्या रंगाची तार वापरलेली आढळते. म्हणून रंगावर विसंबू नये. बटणावरही विसंबू नये. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असेल, तर ते बंद करताच दिवा विझतो. पण होल्डरमध्ये विजेचा दाब कायम राहतो. (बटण बंद असतानाही एलईडी दिवा मंद लुकलुकत असेल, तर ही शक्यता अवश्य तपासावी.)

यासाठी आधी चालू सॉकेटमध्ये टेस्टर पेटतो याची खात्री करावी आणि मगच मुख्य स्विच बंद करावा. घरात इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करणे आवश्यक आहे. मुख्य स्विच बंद होताच तो आपोआप दिव्यांना वीज पुरवू लागतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्यानंतर छताजवळच्या प्रत्येक तारेला टेस्टर लावून पाहावा.

कधी कधी दिवा जोडून वीज सुरू केली, तरी तो लागत नाही आणि टेस्टर दोन्ही तारांवर पेटतो. ‘दोन फेज आल्या,’ असे त्यावर म्हटले जाते. वस्तुतः फेज एकच असते. न्यूट्रल कोठेतरी तुटलेली असते. फेजचा दाब दिव्यातून पलीकडच्या तारेत पोचतो, पण परतीची वाट नसल्याने तेथेच अडतो. काळी म्हणून निर्धास्तपणे धरलेल्या तारेचाही अशा वेळी जबर झटका बसतो.

न्यूट्रल तुटण्याचा हा प्रकार बहुधा जुना दिवा काढतानाच घडतो. सीलिंग रोझमध्ये एकाच स्क्रूखाली दोन काळ्या तारा असू शकतात. एक बोर्डाकडून येते, दुसरी पुढच्या खोलीकडे जाते. नव्या दिव्याला केवळ येणारी तार जोडली, तर दिवा लागतो, पण शेजारच्या स्वयंपाकघरात अंधार होतो. केवळ जाणारी जोडली, तर दोन्हीकडे अंधार. जुना दिवा काढण्यापूर्वी तारांची जागा कागदावर काढून ठेवली किंवा मोबाइलने छायाचित्र घेतले, तर हा घोटाळा टळतो.

बटण दाबताच फ्यूज उडत असेल, तर तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या तारेला टेकला आहे का, ते पाहावे. फ्यूजमध्ये जाड तार घालणे हा उपाय नव्हे. त्यामुळे भिंतीतील तारा तापून पेट घेऊ शकतात. भिंतीच्या आत दोष असल्याचे दिसले, की काम थांबवून परवानाधारक वायरमनला बोलवावे.

पाठगत प्रश्न
१. टेस्टर दोन्ही तारांवर का पेटतो, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. आपल्या घरातील दिवा बदलण्यापूर्वी कोणकोणते स्विच बंद करावे लागतील?