वाणीचा अभ्यास

मुलांनो, 'शाळा' म्हणताना तुमच्यापैकी काहींच्या तोंडून 'शाला' येते ना? तो वाणीदोष नव्हे. उर्दूत 'ळ' नाही. जिभेला सवय नाही, एवढेच. पण आठ वर्षांचे मूल घरीही 'रोटी'ला 'लोटी' म्हणत असेल, तर त्याला मदत हवी.

हा फरक ओळखायला शिकवणारा पदवी अभ्यासक्रम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आहे. ही संस्था १९८३ साली स्थापन झाली. बारावी विज्ञानानंतर चार वर्षे शिकावे लागते. शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. कान, घसा, मेंदू, ध्वनी असे विषय असतात. पाठांतर पुष्कळ!

घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाची तपासणी फक्त मराठीत झाली, तर 'शाला' ऐकून भलताच निष्कर्ष निघेल. दोन्ही भाषा जाणणारा विद्यार्थी त्याला आधी उर्दूतच बोलते करतो.