खर्चाच्या विधेयकातला एक नियम

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, नागरिकशास्त्र शिकताना मुलं विचारतात, "एकटा लोकप्रतिनिधी काय करू शकतो?" त्यांना जॉन मॅककेन यांचं उदाहरण सांगा.

अमेरिकेत संरक्षण खर्चाचं विधेयक दरवर्षी संसदेत मंजूर व्हावं लागतं. सदस्य त्यात दुरुस्त्या सुचवू शकतात. इराकमधल्या अबू गरीब तुरुंगातल्या छळाची छायाचित्रं २००४ मध्ये जगाने पाहिली. पुढच्याच वर्षी सिनेटर मॅककेन यांनी या विधेयकाला दुरुस्ती सुचवली: अमेरिकेच्या ताब्यातल्या कोणत्याही कैद्याला क्रूर, अमानुष किंवा अपमानास्पद वागवायचं नाही. त्यांनी स्वतः व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं कैद आणि छळ सोसला होता.

राष्ट्राध्यक्ष बुश त्यांच्याच पक्षाचे, तरी सरकारने नकाराधिकाराचा इशारा दिला. सिनेटने मात्र ९० विरुद्ध ९ मतांनी दुरुस्ती स्वीकारली आणि डिसेंबर २००५ मध्ये तिचा कायदा झाला. सही करताना बुश यांनी राष्ट्राध्यक्षाचे अधिकार राखूनच तो लावू, असं नमूद केलं. म्हणजे कायदा झाला तरी त्याच्यावर लक्ष ठेवावंच लागतं.

आता मुलांना विचारा: शत्रूचा माणूस आपल्या ताब्यात आला, तर त्याला नियमाचं संरक्षण का द्यायचं? उत्तराची घाई करू नका. त्यांना आपसात वाद घालू द्या.