चिंचणीचा मतदार आणि विधान परिषद

विधानसभेसाठी कोणाला मत आहे, हे गावातील प्रत्येकास ठाऊक असते. विधान परिषदेबाबत मात्र जाणत्या कार्यकर्त्यांचीही गफलत होते. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातील चिंचणी हे गाव उदाहरणादाखल घेतल्यास या सभागृहाची रचना आणि तीतील एक उणीव दोन्ही ध्यानात येतात.

परिषदेचे एकूण सदस्य ७८. त्यांपैकी ३० विधानसभेचे सदस्य निवडतात, २२ स्थानिक प्राधिकारी संस्थांकडून येतात, पदवीधर व शिक्षक यांचे प्रत्येकी ७ आणि राज्यपालांनी नामनिर्देशित केलेले १२.

चिंचणीतील माध्यमिक शिक्षकाने गेल्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षे अध्यापन केले असेल, तर त्यास कोकण विभाग शिक्षक मतदारसंघात नाव नोंदविता येते. पदवी मिळून तीन वर्षे झाली असल्यास पदवीधर मतदारसंघातही मत मिळते. प्राथमिक शिक्षकास शिक्षक या नात्याने मत नाही. पदवी असल्यास तेवढाच मार्ग खुला राहतो. या दोन्ही याद्या निवडणुकीच्या वेळी नव्याने तयार होतात, म्हणून मागच्या वेळी नाव होते या भरवशावर कोणी राहू नये. अर्ज पुन्हा करावा लागतो.

खरा प्रश्न सरपंचांचा आहे. शेजारच्या डहाणू नगर परिषदेचा नगरसेवक स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात मत देतो. जिल्हा परिषदेचा सदस्यही देतो. पंचायत समितीचे सभापती जिल्हा परिषदेचे पदसिद्ध सदस्य म्हणून देतात. चिंचणीचे सरपंच व पंच मात्र त्या यादीत नाहीत. कर्नाटकात ग्रामपंचायत सदस्य असे मतदान करतात. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीस घटनात्मक स्थान दिले, तरी महाराष्ट्राची ही यादी तिच्यापर्यंत पोहोचली नाही. मतदारसंख्या फार वाढेल, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हे; परंतु कर्नाटकाचा अनुभव पाहता तो निर्णायकही मानता येत नाही.

या मताचे मोल किती, असेही कोणी विचारील. परिषद सर्वसाधारण विधेयक प्रथम तीन महिने आणि पुन्हा आल्यास एक महिना थोपवू शकते, धन विधेयक केवळ १४ दिवस. तिचे सामर्थ्य अडवणुकीत नाही, विचार पुढे मांडण्यात आहे. १९६० ते १९७८ या काळात परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे हेच रोजगार हमी योजनेचे जनक. तिचा कायदा १९७७ साली संमत झाला. ग्रामीण मजुराच्या हाताला काम देणारा विचार या सभागृहातील व्यक्तीकडून आला, हे विसरता येत नाही.

सरपंचांना मत द्यावयाचे झाल्यास घटनादुरुस्तीचे प्रयोजन नाही. कोणत्या संस्थांचे सदस्य मतदार, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत नमूद आहे. तीत बदल संसदेने करावयाचा असतो. राज्याला आग्रह धरता येतो. शिक्षकांची पात्रता घटनेच्या अनुच्छेद १७१ मध्ये असली, तरी परिषदेची रचना कायद्याने बदलण्याची मुभा त्याच अनुच्छेदाने संसदेस दिली आहे.