भट्टीचे अस्तर बदलताना
कोल्हापूर परिसरात, शिरोली असो वा गोकुळ शिरगाव, अनेक फौंड्र्यांत बिडाचा रस इंडक्शन भट्टीत होतो. पाणी खेळणारी तांब्याची कॉइल आणि १,४५० अंश सेल्सिअसच्या आसपासचा रस यांच्यामध्ये सिलिकाचे अस्तर असते. ते झिजले की नवे भरायचे, म्हणजेच लायनिंग करायचे. हे काम बहुधा ठेकेदाराकडे जाते.

जुने अस्तर फोडल्यावर आधी कॉइलला पाण्याचा दाब देऊन गळती तपासावी. कॉइलवरच्या लेपातील भेगा बुजवून तो पुरता वाळू द्यावा. अस्तरात भरायचा सिलिकाचा माल, म्हणजे रॅमिंग मास, कोरडा हवा. त्यातील बोरिक ॲसिड साधारण एक टक्का असते. ते वाढले तर अस्तराची उष्णता सोसण्याची ताकद घटते. माल थोडा थोडा घालून फोर्कने हवा काढावी आणि पुढचा थर टाकण्याआधी खालचा खरवडावा.

खरी घाई होते ती सिंटरिंगला, म्हणजे भरलेले अस्तर तापवून घट्ट करताना. ५७३ अंशांवर अस्तराच्या सिलिकातला क्वार्ट्झ एकाएकी फुगतो, त्यामुळे तिथून भट्टी सावकाशच न्यावी लागते. शेवटी नेहमीच्या तापमानाच्या सुमारे ५० अंश वर नेऊन ती तिथे धरावी लागते. एका कामात ठेकेदाराच्या माणसांनी सिंटरिंगचा वेळ निम्म्यावर आणला. थोड्याच दिवसांत, अस्तरातून गळणारा विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या लीकेज मीटरचा काटा चढू लागला. ठेकेदाराचे उत्तर ठरलेले: ‘लेप ओला आहे, सुकेल. अलार्म बंद ठेवा.’ ओलाव्याने चढलेला काटा हीटमागून हीट, म्हणजे दर वितळणीगणिक, खाली येतो. हा चढतच होता. मेल्टरने ते ओळखले आणि ठेकेदाराला न जुमानता भट्टी रिकामी केली. अस्तर फोडले तेव्हा बिडाची पातळ जीभ थेट कॉइलच्या लेपाला टेकलेली निघाली. कॉइल फुटून पाणी रसात गेले असते तर स्फोट झाला असता, आणि भट्टीच्या फलाटावर ठेकेदाराचा एकही माणूस नव्हता.

तरीही ठेकेदाराने पूर्ण बिल मागितले. दोष भट्टीत टाकलेल्या गंजक्या भंगाराचा, म्हणे. गंजाने अस्तर झिजते हे खरे. पण फोडण्याआधी भट्टीचा आतला व्यास मोजला होता आणि झीज जवळपास नव्हतीच.

म्हणून सिंटरिंगचा तापमान-तक्ता करारात लिहून घ्यावा आणि त्यावर दर तासाला ठेकेदाराची सही घ्यावी. तळाच्या अर्थिंगच्या तारा रसाला टेकतात की नाही, हे त्याच्यासमोर तपासावे. कारखान्याचा जबाबदार माणूस शेवटपर्यंत जागेवर असावा. निम्मे पैसे अस्तर ठरलेल्या हीट टिकल्यावरच द्यावेत. अलार्म बंद करायला सांगणाऱ्याला पुन्हा गेटच्या आत घेऊ नये.